मायनर लीगमधील मानकरी : निवडीपासून फलकाच्या देखभालीपर्यंत

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात रेड विंग्ज नावाचा मायनर लीग बेसबॉल संघ आहे. या संघाने मानाने निवृत्त केलेल्या, म्हणजे पुन्हा कोणाला न दिल्या जाणाऱ्या, जर्सी क्रमांकांमध्ये एक क्रमांक असा आहे की तो कोणत्याही खेळाडूच्या पाठीवर कधी नव्हता, आणि तो आहे ८२२२. सेंट लुईस कार्डिनल्स या तत्कालीन मालकांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा १९५७ मध्ये मॉरी सिल्व्हर या स्थानिक उद्योजकाच्या पुढाकाराने भागविक्रीची मोहीम झाली, ८२२२ जणांनी भाग घेतले आणि संघ शहरातच राहिला. तो क्रमांक त्या भागधारकांचा आहे. मायनर लीगमध्ये कोणाचा सन्मान करावा, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही, म्हणून या लेखाची सुरुवात तेथून केली आहे.

हा लेख अशा सन्मानाची जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. ते संघाच्या कार्यालयातील कर्मचारी असतील, गावाच्या इतिहास मंडळाचे सदस्य असतील, किंवा अमेरिकेतील मध्यम आकाराच्या एखाद्या शहरात स्थिरावलेले आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी मुलांना घेऊन मैदानावर जाणारे मराठी कुटुंबही असेल. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगणे पुरेसे आहे की मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, ३० संघ आहेत, त्या प्रत्येकाशी चार चढत्या दर्जांमध्ये एकेक संलग्न संघ आहे, आणि या १२० संघांत मुख्य संघाच्या पगारावर असलेले खेळाडू तयार होतात. त्यामुळे चांगला खेळाडू वर्ष-दीड वर्षात वर जातो, साधारण खेळाडू थोडा अधिक काळ राहतो, आणि गावाशी खरे नाते जुळते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे.

प्रथम ठरवावे : येथून गेलेला की येथे राहिलेला?

निवड समितीची पहिली बैठक नावांवर घेऊ नये, ती निकषांवर घ्यावी. नावे आधी टेबलावर आली की निकष त्या नावांच्या मापाने बेतले जातात, आणि मग पुढच्या वर्षी तेच निकष आड येतात. निकषांमधला सर्वांत अवघड प्रश्न हा असतो की, पुढे मेजर लीगमध्ये कीर्ती मिळवलेला पण आपल्या संघात तीन महिनेच खेळलेला खेळाडू आपला मानकरी ठरतो का.

या प्रश्नावर विचार करताना १९८१ मधला पॉटकेट येथील सामना डोळ्यांसमोर ठेवावा. ऱ्होड आयलंडमधील मॅकॉय स्टेडियमवर १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यातील सामना ३२ डाव होऊनही सुटेना, तेव्हा ईस्टरच्या पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी तो थांबवण्यात आला. त्या वेळी स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला सामना पुन्हा सुरू झाला आणि ३३ व्या डावात संपला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना होय. परस्परविरुद्ध बाजूंनी खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन हे पुढे कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानकरी दालनात, गेले, पण विजयी धाव मिळवून देणारा फटका मारला डेव्ह कोझाने, आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. बॉग्ज आणि रिपकेन यांचा सन्मान करायला बाकी जग समर्थ आहे. कोझाचा आणि त्या १९ प्रेक्षकांचा सन्मान पॉटकेटने केला नाही, तर दुसरे कोणी करणार नाही. संघाने त्या प्रेक्षकांना पास देऊन तो केलाही.

मराठी वाचकाला हा न्याय समजावून सांगावा लागू नये. पद्माकर शिवलकर यांनी मुंबईसाठी वर्षानुवर्षे गोलंदाजी केली, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण भारताकडून कसोटी खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. दादर-शिवाजी पार्कच्या मैदानांवर मात्र त्यांचे स्थान कोणत्या टोपीवर अवलंबून नव्हते. मायनर लीगच्या मानकऱ्याकडे याच नजरेने पाहावे.

याचा अर्थ पुढे मोठे झालेल्यांना वगळावे असा नाही. निकषात दोन वाटा ठेवाव्यात. एका वाटेने संघासाठी किंवा शहरासाठी दीर्घकाळ झटलेली माणसे येतील, आणि दुसऱ्या वाटेने, मुक्काम थोडा असला तरी ज्यांच्या येथील कामाने खेळाचा इतिहास बदलला अशी माणसे. दुसऱ्या वाटेचे उत्तम उदाहरण जॅकी रॉबिन्सन यांचे आहे. मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत त्यांनी १९४७ मध्ये ओलांडली, पण त्याआधीचे १९४६ चे वर्ष ते माँट्रियल रॉयल्स या मायनर लीग संघाकडून खेळले. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी एका होमरनसह (क्रिकेटमधील षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापलीकडे जाणारा फटका) चार यशस्वी फटके मारले. माँट्रियलमध्ये त्यांचा मुक्काम एका हंगामाचाच होता, तरी तेथे त्यांचा पुतळा आहे आणि त्यावर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

पहिल्या वाटेवर फक्त खेळाडू ठेवू नयेत. मैदानाची निगा राखणारा, तीस वर्षे धावते समालोचन करणारा, तिकीट खिडकीवर बसणारी, अंपायर, बॅट सांभाळणारा मुलगा म्हणून आलेला आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झालेला, हे सगळे तेथे यावेत. रॉचेस्टरचे जो अल्टोबेली यांच्या आयुष्यात यातल्या अनेक भूमिका एकत्र आल्या होत्या. ते या संघाकडून खेळले, १९७१ ते १९७६ या काळात त्यांनी संघाचे व्यवस्थापन केले, १९८३ मध्ये बाल्टिमोरच्या मेजर लीग संघाला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे अजिंक्यपद, जिंकून दिले, आणि त्यानंतर रॉचेस्टरला परतून कार्यालयात आणि समालोचनाच्या कक्षात काम केले. २६ हा त्यांचा क्रमांक निवृत्त झाला आणि त्यांचा पुतळाही उभा राहिला. वर्ल्ड सिरीज हे त्यामागचे एक कारण असेलही, पण खरे कारण ते परत आले हे आहे.

अंपायरांना सगळेच विसरतात. २४ जून १९७२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या छोट्या गावात बर्निस गेरा यांनी व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्यात अंपायर म्हणून काम केले आणि असे काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे न्यायालयात लढावे लागले होते. तो एकच सामना करून त्यांनी काम सोडले. हंगामांची संख्या मोजणारा निकष अशा व्यक्तीला दारातच अडवतो, म्हणूनही दुसरी वाट हवी.

निकषांत आणखी तीन गोष्टी लेखी असाव्यात : निवृत्तीनंतर किती वर्षांनी विचार व्हावा, वर्षाला जास्तीत जास्त किती जण निवडावेत, आणि मरणोत्तर सन्मानाचे प्रमाण काय असावे. माझे मत असे की वर्षाला दोन-तीनच नावे घ्यावीत आणि ऐंशी ओलांडलेल्या हयात व्यक्तींना अग्रक्रम द्यावा. मृतांचा सन्मान पुढच्या वर्षीही करता येतो.

संशोधन : आख्यायिका आणि आकडा वेगळे ठेवावेत

मायनर लीगच्या जुन्या नोंदी मेजर लीगइतक्या निर्दोष नाहीत. काही लीगनी ठरावीक वर्षे काही आकडे ठेवलेच नाहीत, एकाच आडनावाचे दोन खेळाडू एकाच नोंदीत मिसळले गेले, टोपणनावांनी खेळलेले लोक वेगळेच राहिले. त्यामुळे संघाच्या जुन्या स्मरणिकेतील आकडा जसाच्या तसा फलकावर चढवू नये. बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळावरील मायनर लीगच्या नोंदी पाहाव्यात, १९७१ मध्ये कूपरस्टाउन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेचे चरित्रलेख वाचावेत, आणि मग गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांच्या सूक्ष्मफिती उघडाव्यात. या तिसऱ्या कामाचा कंटाळा सर्वांत जास्त येतो आणि चुका सर्वांत जास्त तेथेच सापडतात. प्रत्येक विधानाला दोन स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय ते फलकावर जाणार नाही, असा नियम ठेवावा.

आख्यायिका किती फसवी असते, हे स्टीव्ह डाल्कोव्स्की यांच्या उदाहरणावरून कळते. बाल्टिमोरच्या मायनर लीग संघांतील हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, आजवरचा सर्वांत वेगवान होता, असे त्याच्याबरोबर खेळलेले अनेक जण सांगत. ताशी ११० मैल असा आकडाही सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात १९५८ मध्ये लष्कराच्या अॅबरडीन येथील यंत्रणेवर त्याचा वेग मोजला गेला तेव्हा तो ताशी ९३.५ मैल भरला, पण आदल्या दिवशी तो सामना खेळलेला होता आणि तेथे पिचरचा उंचवटाही नव्हता. म्हणजे ना तो आकडा खरा मानता येतो, ना हा. फलकावर लिहिण्याजोगा निर्विवाद आकडा वेगळाच आहे : १९६० मध्ये स्टॉक्टनकडून खेळताना १७० डावांत २६२ फलंदाज बाद आणि तितक्याच, म्हणजे २६२, जणांना चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला तळ. त्या माणसाची सगळी शक्ती आणि सगळी शोकांतिका या एका ओळीत आहे. विशेषणांची गरजच उरत नाही.

संशोधनाचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे. १८८७ च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीग या मायनर लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे सुमारे सहा दशके ही दारे बंद राहिली. म्हणून लीगच्या दप्तरातून तयार केलेली कोणतीही यादी मुळातच अपुरी असते. त्या काळात आपल्या शहरात खेळलेल्या कृष्णवर्णीय संघांचा शोध वेगळा घ्यावा लागतो आणि तो मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत, चर्चच्या नोंदींत आणि कुटुंबांच्या अल्बमांत लागतो. बफेलोकडून १८८६ ते १८८८ या काळात खेळलेला फ्रँक ग्रँट हा त्या लीगमधील अव्वल खेळाडूंपैकी एक होता. २००६ मध्ये तो कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला, तेव्हाही न्यू जर्सीतील त्याच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. इलिनॉयमधील पियोरियाच्या एका डॉक्टरने २००४ पासून चालवलेल्या उपक्रमातून अशा अनेक विस्मृत खेळाडूंच्या थडग्यांवर दगड बसवले गेले. एखाद्या समितीला मोठा सोहळा परवडत नसेल, तर तिने हेच काम घ्यावे. याहून सच्चा सन्मान क्वचितच होतो.

व्यक्तीच्या चारित्र्याची चौकशीही याच टप्प्यावर आणि शांतपणे करावी. मेजर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या स्मृतिचिन्हावरून मेजर लीगचे पहिले आयुक्त केनेसॉ लँडिस यांचे नाव २०२० मध्ये काढण्यात आले, कारण त्यांच्या कारकिर्दीत वर्णभेदाची भिंत तशीच उभी राहिली होती. नाव देण्याला एक संध्याकाळ लागते, काढायला पिढी जाते.

समिती कोणाची असावी

सात ते नऊ जणांची समिती पुरते. तिच्यात क्रीडा पत्रकार, ग्रंथपाल किंवा अभिलेखपाल, समालोचक, जुना हंगामी तिकीटधारक, एखादा निवृत्त खेळाडू आणि संघाचा एक प्रतिनिधी असावा. प्रायोजकाला बैठकीला बोलवावे, चहा द्यावा, मताचा अधिकार देऊ नये. सूचना नागरिकांकडून लेखी मागवाव्यात, आणि निवडीसाठी साधे बहुमत न ठेवता कूपरस्टाउनप्रमाणे ७५ टक्के मतांची अट ठेवावी. यामुळे एखाद्या वर्षी कोणीच निवडले जाणार नाही, पण तेही चालते.

समिती कोणाच्या आश्रयाने चालावी, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. इंटरनॅशनल लीगचे हॉल ऑफ फेम १९४७ मध्ये त्या लीगचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेने सुरू केले. १९६३ नंतर तेथे नवी निवड थांबली, ती थेट २००८ मध्ये लीगच्या १२५ व्या वर्षाच्या निमित्ताने पुन्हा सुरू झाली. पॅसिफिक कोस्ट लीग या दुसऱ्या मायनर लीगचीही कथा तशीच आहे. लॉस एंजेलिसच्या हेल्म्स प्रतिष्ठानाने १९४० च्या दशकात सुरू केलेले दालन १९५७ नंतर निद्रिस्त झाले आणि लीगच्या शताब्दीला, २००३ मध्ये, जागे झाले. मधल्या चार-साडेचार दशकांत किती मानकरी सन्मानाविना गेले असतील, याचा हिशोब कोण देणार? म्हणून समितीची घटना, मतपत्रिका आणि संशोधनाची टिपणे यांची एक प्रत पहिल्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठेवावी. उत्साही सचिवाच्या तळघरातील खोक्यावर विसंबून राहू नये.

सन्मानाचे रूप

जर्सी क्रमांक निवृत्त करणे हा सर्वांत मोठा मान आहे आणि तो सर्वांत कमी वेळा द्यावा. मायनर लीगमध्ये एका हंगामात खेळाडूंची सतत ये-जा असते, त्यामुळे कपड्यांच्या खोलीत क्रमांकांची तशीही टंचाई असते. ल्यूक ईस्टर या खेळाडूचा मान दुर्मीळ आहे, कारण बफेलोने त्यांचा २५ आणि रॉचेस्टरने ३६ क्रमांक निवृत्त केला. एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या दोन शेजारी शहरांनी एकाच माणसाला आपले म्हणावे, यापेक्षा त्याच्याविषयी वेगळे काय सांगायचे?

रॉबिन्सन यांचा ४२ क्रमांक १९९७ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये निवृत्त झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मायनर लीगने मात्र २०२२ मध्ये कृष्णवर्णीय समाजाशी जोडलेला आपला उपक्रम सुरू करताना त्याला ‘द नाइन’ असे नाव दिले, कारण माँट्रियलमध्ये त्यांच्या पाठीवर ९ हा क्रमांक होता. आपल्या अंगणातील तपशील निवडण्याची ही दृष्टी अनुकरणीय आहे.

पुरस्काराला नाव देणे स्वस्त आणि टिकाऊ असते, पण पुरस्कार आणि व्यक्ती यांचा सांधा जुळला पाहिजे. माइक कूलबॉ हे टल्सा संघाचे प्रशिक्षक २२ जुलै २००७ रोजी आर्कान्सामधील सामन्यात पहिल्या तळाजवळ उभे असताना फटक्याचा चेंडू लागून मरण पावले. पुढच्याच वर्षापासून तळांजवळच्या प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि त्यांच्या नावाचा पुरस्कारही सुरू झाला. जो बॉमन पुरस्कार मायनर लीगमध्ये हंगामात सर्वाधिक होमरन करणाऱ्याला मिळतो आणि त्याची रक्कम होमरनमागे २०० डॉलर अशी मोजली जाते. या हिशोबात बॉमन यांचे आयुष्यच आहे, त्याविषयी पुढे येईल.

मैदानाला नाव देण्याविषयी मी सावध आहे. नावाचे हक्क विकणे हे आज संघांच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्यामुळे माणसाच्या नावाचे मैदान केव्हा बँकेच्या नावाचे होईल याचा भरवसा नसतो. रॉचेस्टरच्या जुन्या मैदानाला १९६८ मध्ये मॉरी सिल्व्हर यांचे नाव दिले गेले. ते मैदान गेले आणि नव्या मैदानाला कंपन्यांची नावे लागली. पण त्या मैदानाचा पत्ता आहे ‘१, मॉरी सिल्व्हर वे’. रस्ता नगरपालिकेचा असतो, त्यावर बोली लागत नाही.

मान डोलवणारी बाहुली, म्हणजे बॉबलहेड, हा प्रकार पोरकट वाटतो, पण त्याला हसू नये. पहिल्या हजार प्रेक्षकांना ती फुकट मिळते म्हटल्यावर दुपारपासून रांग लागते, आणि ज्या मुलाने त्या व्यक्तीचे नाव कधी ऐकले नव्हते त्याच्या कपाटावर ती वर्षानुवर्षे राहते. खेळकरपणा या लीगच्या स्वभावातच आहे. १९५१ ते २०१९ या काळात हिवाळी अधिवेशनाच्या मेजवानीत दर वर्षी एका जुन्या सेवकाला ‘बेसबॉलचा राजा’ म्हणून खरोखरचा मुकुट आणि झूल चढवली जात असे. मुकुटाखाली बहुधा पन्नास वर्षे तिकिटे, कर्जे आणि पावसाने धुतलेले सामने सांभाळलेला माणूस असे, त्यामुळे ते विनोदी दिसूनही हास्यास्पद होत नसे.

रूप ठरले की परवानग्या मागाव्यात, छपाईला टाकल्यावर नव्हे. व्यक्तीची किंवा वारसांची लेखी संमती, छायाचित्राच्या मालकाची परवानगी, बोधचिन्हासाठी संघाची आणि आवश्यक तेथे लीगची मान्यता, आणि मैदान नगरपालिकेचे असल्यास तिचा ठराव, एवढे तरी लागतेच. वारस एकाहून अधिक असतील तर सर्वांना एकाच वेळी पत्र पाठवावे. धाकट्याला आधी कळले आणि थोरल्याला नंतर, एवढ्यावरून सोहळे बिनसलेले आहेत.

फलकावरचा मजकूर

फलकावरच्या मजकुराची मर्यादा साठ ते ऐंशी शब्दांची ठेवावी, कारण लोक तो हातात खाद्यपदार्थ घेऊन आणि मुलाला सांभाळत वाचतात. ‘महान’, ‘थोर’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द खोडून टाकावेत आणि त्यांच्या जागी काय घडले ते लिहावे. नमुन्यादाखल बॉमन यांच्यावरचा मजकूर असा होऊ शकतो :

‘जो बॉमन. १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॉसवेल रॉकेट्सकडून १३८ सामन्यांत ७२ होमरन, २२४ धावांना हातभार आणि .४०० ची सरासरी. व्यावसायिक बेसबॉलमधील एका हंगामातील होमरनचा हा उच्चांक २००१ पर्यंत अबाधित राहिला. मेजर लीगमध्ये ते कधी खेळले नाहीत. रॉसवेलमध्ये त्यांचा पेट्रोल पंप होता. होमरननंतर प्रेक्षक कुंपणाच्या जाळीतून त्यांच्या हाती नोटा देत.’

शेवटचे वाक्य गाळण्याचा सल्ला कोणीतरी नक्की देईल. तो मानू नये. तमाशातल्या दौलतजादेची आठवण करून देणारी ही रीत त्या लीगमध्ये सर्रास होती, खेळाडूचे घर त्यावर चालत असे, आणि आजच्या पुरस्काराचा होमरनमागे २०० डॉलरचा हिशोब त्या जाळीशी नाते सांगतो.

सोहळ्याचा दिवस

दिवस घरच्या सामन्याचा, शक्यतो शनिवारचा आणि उत्तरेकडील शहरांत जूननंतरचा असावा. एप्रिलमध्ये तेथे बर्फ पडू शकतो. पावसासाठी दुसरी तारीख निमंत्रणातच छापावी. सोहळा सामन्यापूर्वी वीस मिनिटांत आटोपावा, कारण दोन्ही पिचर ठरलेल्या वेळेनुसार खांदे गरम करत असतात आणि समारंभ लांबला तर त्यांचे गणित बिघडते. पाहुण्या संघाच्या मॅनेजरला आणि अंपायरांना मिनिटांसह कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी द्यावी. मैदानावरच्या ध्वनिक्षेपकातून शब्द घुमून परत येतात, म्हणून भाषण तीन मिनिटांचे, छोट्या वाक्यांचे आणि एकाच माणसाचे असावे. मानकऱ्याच्या नावाचा उच्चार उद्घोषकाने कुटुंबासमोर म्हणून दाखवावा.

मानकरी वृद्ध असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून त्याच्या पायाखालची जमीन तपासावी. ऑगस्ट २००५ मध्ये रॉसवेलच्या मैदानाला बॉमन यांचे नाव देण्याच्या कार्यक्रमातच त्र्याऐंशी वर्षांचे बॉमन पडले, कमरेचे हाड मोडले, आणि २० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. दुर्दैव टाळता आले असते की नाही, हा वाद नको. पण आपल्या कार्यक्रमात तात्पुरता लाकडी मंच, मोकळ्या पडलेल्या वायरी, ओले गवत आणि पायऱ्या असतील तर त्या काढून टाकाव्यात, सावलीत खुर्ची ठेवावी, हाताला धरणारा एकच माणूस नेमावा, आणि मानाचा पहिला चेंडू उंचवट्यावरून न टाकता गवतावरून टाकू द्यावा. रुग्णवाहिका सामन्याच्या वेळेला नव्हे, सोहळ्याच्या वेळेला हजर हवी.

सोहळ्याआधी मानकऱ्याला खेळाडूंच्या खोलीत नेऊन आजच्या मुलांशी अर्धा तास बोलू द्यावे. वृत्तपत्रात याचे छायाचित्र येत नाही, पण पुढे अनेक वर्षे त्या मुलांना हेच आठवते.

कधी कधी तयारीविनाच सन्मानाची वेळ येते. १८ जून २०२४ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅमच्या रिकवुड फील्डवर, म्हणजे १९१० पासून उभ्या असलेल्या आणि विली मेज यांनी तरुणपणी गाजवलेल्या मैदानावर, मायनर लीगचा सामना चालू असतानाच मेज यांच्या निधनाची बातमी आली. ती जाहीर होताच प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. संघाने आपल्या ज्येष्ठ मानकऱ्यांसाठी चार ओळींचा मजकूर, एक छायाचित्र आणि उद्घोषकाला द्यायची सूचना लिफाफ्यात तयार ठेवावी. हे अशुभ मानू नये.

मराठी मंडळांना येथे एक सुचवावेसे वाटते. अनेक संघ वेगवेगळ्या समाजांसाठी वारसा-संध्या ठेवतात, मंडळे गटाने तिकिटे घेतात, आणि कार्यक्रम ढोल-लेझीम व नृत्यावर संपतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू २००८ मध्ये भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. अमेरिकेतील व्यावसायिक संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय होत. रिंकू पुढे वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटनच्या संघाकडूनही खेळला. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. मायनर लीगच्या मैदानावर भारतीय वारशाची संध्याकाळ असेल, तर तेथे सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

नंतरची वर्षे

२०२० च्या हंगामानंतर मायनर लीगची पुनर्रचना झाली आणि संलग्न संघ १६० वरून १२० वर आले. चाळीसहून अधिक गावांची संलग्नता गेली, चार्ल्सटनही त्यांत होते. २०२१ मध्ये तर लीगची ऐतिहासिक नावेही पुसून त्यांना दर्जा आणि दिशा सांगणारी नावे दिली गेली. जुनी नावे पुढच्या वर्षी परत आली. त्याच सुमारास पॉटकेटचा संघ वूस्टरला गेला आणि ३३ डावांचा साक्षीदार असलेल्या मॅकॉय स्टेडियमच्या जागेवर शाळा बांधण्याचे ठरले. ज्या मैदानावर आपण फलक लावतो ते कायम राहील, असे गृहीत धरून चालत नाही.

म्हणून फलक किंवा पुतळा स्वीकारताना करारात तो कोणाच्या मालकीचा आहे, संघ गेला किंवा मैदान पाडले तर तो कोठे जाईल आणि हलवण्याचा खर्च कोण करील, हे लिहून घ्यावे. मालकी संघाकडे न ठेवता ग्रंथालय, इतिहास मंडळ किंवा नगरपालिका यांच्याकडे ठेवणे बरे. जमलेल्या निधीचा दहावा हिस्सा देखभालीसाठी वेगळ्या खात्यात टाकावा. पुतळ्याचा मूळ साचा शिल्पकाराकडून कोठे जपला जाणार आहे, हेही विचारावे. कॅन्सासमधील विचिटा येथे मुलांच्या बेसबॉल लीगच्या मैदानाजवळचा जॅकी रॉबिन्सन यांचा पुतळा जानेवारी २०२४ मध्ये घोट्यापासून कापून चोरण्यात आला आणि नंतर त्याचे जळालेले तुकडे सापडले. शिल्पकार हयात नव्हते, पण साचा शाबूत होता, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा पुतळा उभा राहू शकला.

दर वर्षी मार्चमध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वी, समितीच्या दोघांनी मैदानाला फेरी मारावी. कांस्यावरचा मळ सौम्य साबणाने धुऊन मेण लावावे, सैल स्क्रू आवळावेत, छायाचित्रे काढून तारखेसह ग्रंथालयातील फाइलमध्ये लावावीत, आणि मानकऱ्यांच्या कुटुंबांचे पत्ते बदलले असल्यास ते त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावेत.